टँकचा खेळ आणि नावाची पाटी

पडद्याच्या तळाशी, अगदी मधोमध, एक गरुड बसलेला असे. त्याच्या तीन बाजूंना विटांची बारीकशी भिंत आणि चौथ्या बाजूला पडद्याची कड. वरून शत्रूचे रणगाडे उतरत. आपण खालून आपला पिवळा रणगाडा घेऊन निघायचे आणि काही झाले तरी गरुडाला गोळा लागू द्यायचा नाही. आपला रणगाडा शाबूत आहे, हाताशी दोन जीव शिल्लक आहेत आणि तरीही गरुड फुटला, तर खेळ तिथेच संपला. ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले त्यांना यापेक्षा अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. मडगावपासून भोपाळपर्यंत सगळी मुले त्याला एकाच नावाने ओळखत असत : टँकचा गेम.

या खेळाला इतिहास आहे आणि तो लिहिण्याजोगा आहे, असे मला वाटते. काहींना हा विषय पोरकट वाटेल. पण सोंगट्या, गंजिफा आणि बुद्धिबळ यांच्यावर आपल्याकडे विद्वानांनी लिहिलेच आहे. एका अख्ख्या पिढीने ज्या खेळासमोर सुट्ट्या घालवल्या, त्याची दोन पानी हकिगत कुणी मांडली तर त्यात वावगे काही नाही.

प्रथम त्याचे खरे नाव. या खेळाचे नाव ‘बॅटल सिटी’. जपानमधील ‘नामको’ या कंपनीने तो ९ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणला. ‘पॅकमॅन’ हा तोंड उघडमीट करणारा पिवळा गोळा ज्यांनी १९८० मध्ये जगाला दिला, तीच ही कंपनी. बॅटल सिटी आला तो ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी. हे यंत्र निन्तेन्दो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात विकायला काढले होते. त्याआधी असले खेळ नाणे टाकून खेळायच्या उभ्या पेट्यांमध्ये असत. त्या पेट्यांच्या दुकानांना अमेरिकेत ‘आर्केड’ म्हणत, आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम पार्लर’ म्हणत.

रणगाड्याचे घराणे तसे जुने आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘टँक’ नावाची पेटी आली. त्यात दोन खेळाडू, दोन रणगाडे आणि मध्ये भिंतींचा चक्रव्यूह. एकाने दुसऱ्याला मारायचे, बस्स. १९८० मध्ये नामकोनेच ‘टँक बटालियन’ नावाची पेटी काढली आणि तिच्यात पहिल्यांदा खेळाडूच्या पाठीमागे राखण्यासाठी एक ठाणे आले. त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘मिसाइल कमांड’ आला. त्यात पडद्याच्या तळाशी सहा शहरे आणि तीन तोफखाने, प्रत्येकात दहा क्षेपणास्त्रे. वरून अण्वस्त्रांच्या रेघा उतरत आणि आपण त्या हवेतच फोडायच्या. तो खेळ कुणालाच जिंकता येत नसे. शहरे किती वेळ टिकवली एवढाच हिशेब. त्याचा कर्ता डेव्ह थ्यूरर याला खेळ तयार करताना अणुस्फोटाची दुःस्वप्ने पडत असत, असे त्याने पुढे सांगितले आहे. म्हणजे १९८० च्या सुमारास या खेळांमध्ये एक नवा विचार शिरला. नुसते मारणे पुरेसे नाही, मागे काहीतरी आहे आणि ते राखायचे आहे.

बॅटल सिटीने हा विचार पक्का केला. मैदान लहान, तेरा घरे रुंद आणि तेरा घरे उंच. त्यात विटा आहेत, त्या गोळ्याने फुटतात. पोलाद आहे, ते साध्या गोळ्याने फुटत नाही. पाणी आहे, त्यातून रणगाडा जात नाही पण गोळा जातो. झाडी आहे, तिच्यात रणगाडा दिसेनासा होतो. बर्फ आहे, त्यावर रणगाडा घसरतो. प्रत्येक पातळीत शत्रूचे वीस रणगाडे, पण एकटे खेळताना पडद्यावर एका वेळी चारच. काही साधे, काही वेगाने पळणारे, काहींचा गोळा वेगवान, आणि जाड चिलखताचा एक प्रकार तर चार गोळे लागल्याशिवाय फुटत नसे. अशा पस्तीस पातळ्या.

लुकलुकणारा रणगाडा मारला की बक्षीस येई. तारा मिळाला तर आपल्या गोळ्याला वेग येई, दुसऱ्या ताऱ्यानंतर लागोपाठ दोन गोळे मारता येत, तिसऱ्यानंतर पोलादही फुटे. घड्याळाने शत्रू जागच्या जागी थिजे. फावडे मिळाले की गरुडाभोवतीची विटांची भिंत काही काळ पोलादाची होई. आता खेळाडूपुढे पेच उभा राहतो. तारा पडला आहे वरच्या कोपऱ्यात आणि एक चपळ रणगाडा सुटला आहे गरुडाच्या दिशेने. बक्षिसाला धावायचे की ठाण्यावर परतायचे? ज्यांनी हा खेळ जोडीने खेळला आहे त्यांना ठाऊक आहे की याच प्रश्नावरून सख्ख्या भावांत हातघाई होत असे. एकाने पुढे जायचे, दुसऱ्याने घर राखायचे, असे ठरायचे आणि तिसऱ्याच मिनिटाला घर राखणारा ताऱ्यामागे पळालेला असायचा. त्यात आपला गोळा जोडीदाराला लागला तर तो काही क्षण जागीच अडकून पडे. आणि आपलाच गोळा चुकून गरुडाला लागला तर गरुड फुटे. शत्रूने फोडला काय नि आपण फोडला काय, निकाल तोच. हाताची चपळाई आणि डोक्याचा हिशेब अशी दोन्हींची परीक्षा घेणारे खेळ पुढे खूप झाले, पण इतक्या थोड्या सामानात इतके मांडणारे थोडेच.

सामान थोडे म्हणजे किती थोडे? हा सबंध खेळ चोवीस किलोबाइटचा. आमच्या कार्यालयातून रोज जे एकपानी पत्र संगणकावर टाइप होऊन बाहेर पडते, त्याची फाइलही बहुधा एवढीच भरते. पस्तीस रणांगणे, सहा तऱ्हेची बक्षिसे, सुरुवातीची ती छोटी धून आणि स्वतःचे रणांगण रचण्याची सोय, सगळे तेवढ्यात. महाराष्ट्रात मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, आपल्याकडे गोव्यात नरकासुर उभा राहतो. तीच हौस या रणांगण रचण्यात होती. पोरे तासन्‌तास पोलादाच्या भिंती रचत बसत आणि गरुडाला चहूबाजूंनी कोंडून टाकत.

हा खेळ आपल्यापर्यंत पोचला कसा, हे सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा लक्षात येणार नाही. बॅटल सिटी निन्तेन्दोच्या अमेरिकेतील घरगुती यंत्रासाठी कधी अधिकृतपणे विकलाच गेला नाही. आशियात मात्र फॅमिकॉमच्या नकला भराभर निघाल्या. यंत्र हुबेहूब तसेच, कॅसेटीच्या साठ पितळी दातांचा खाचाही तोच, फक्त वर नाव वेगळे. रशियात १९९२ च्या अखेरीस अशाच नकलेचे यंत्र ‘डेंडी’ या नावाने आले आणि तिथेही एका पिढीचे बालपण याच टँकच्या खेळाने व्यापले. भारतात समुराई, लिटल मास्टर अशी नावे दुकानांत दिसू लागली. १९९१ नंतर परदेशी इलेक्ट्रॉनिक मालाच्या वाटा मोकळ्या होत गेल्या तशी बिननावाची यंत्रेही येऊ लागली.

गोव्यात मात्र या वाटेला एक घरगुती फाटा होता. आमच्या वाड्यावर पहिले यंत्र आले ते दुकानातून नव्हे, तर एका तारवट्याच्या बॅगेतून. बोटीवर काम करणारा घरचा माणूस सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर साबण, चॉकलेटे, परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर येत. नव्वदनंतर त्यात या यंत्राची भर पडली. आखातात नोकरीला असलेल्यांनीही अशीच यंत्रे आणली. एक योगायोग इथे नोंदवतो. या खेळाची जी नक्कल आपल्याकडे सर्वाधिक पसरली तिच्यावर ‘टँक १९९०’ असे नाव होते. आणि त्याच १९९० सालच्या ऑगस्टमध्ये इराकचे खरे रणगाडे कुवेतमध्ये घुसले, तेव्हा तिथली आपली किती गोंयकार कुटुंबे नेसत्या कपड्यांनिशी परतली, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पोरांना त्याचे काय? त्यांना टँक म्हणजे पिवळा आणि हिरवा.

नकलांच्या कॅसेटींवर आकडे असत. ‘शंभरात एक’, ‘हजारात एक’, काहींवर तर नवांची ओळच्या ओळ. प्रत्यक्षात वीसपंचवीस खेळ असत आणि यादीत तेच ते पुन्हा येत. पण त्या यादीत टँक नाही अशी कॅसेट क्वचितच. कारण आता वाचकांच्या लक्षात आले असेल. चोवीस किलोबाइटचा खेळ कुठल्याही चिपवर सहज मावतो, त्याला जादा यंत्रणा लागत नाही आणि तो खेळायला कुठलीच भाषा यावी लागत नाही. नक्कल करणाऱ्याला याहून सोयीचा माल कुठला?

आता हबीबगंजची गोष्ट. माझी मावशी लग्न होऊन भोपाळला गेली. काका भेलच्या कारखान्यात होते. भोपाळमधला हा मोठा सरकारी कारखाना १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने स्थापन झाला आणि पुढे १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाला. कारखान्यामुळे देशभरची माणसे तिथे वसली, त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ. मावशीचे घर हबीबगंजला, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९९४ च्या मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो. कोकण रेल्वे तोवर व्हायची होती, त्यामुळे पणजीहून मुंबईपर्यंत बस आणि तिथून पंजाब मेल. मी बारा वर्षांचा होतो.

मावसभावाकडे यंत्र होते आणि दहा नंबर मार्केटमधल्या एका दुकानात कॅसेट भाड्याने मिळे. दुकानदाराला नाव सांगावे लागत नसे. “टँकवाली?” एवढे तोच विचारी. भोपाळच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून कूलरसमोर बसून आम्ही दोघे खेळायचो. दादा पिवळा, मी हिरवा. एका रविवारी काका मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी पाहिले आणि विचारले, “काय रे, हे केले कोणी?”

दादा म्हणाला, “कोणी म्हणजे? कंपनीने.”

“कुठल्या कंपनीने?”

दादाने कॅसेट काढून उलटसुलट केली. तिच्यावर एका लढाऊ विमानाचे चित्र होते, जे त्यातल्या कुठल्याच खेळात नव्हते. नाव नव्हते, गाव नव्हते, साल नव्हते. काका हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडे एवढीशी मोटर बाहेर पडली तरी तिच्यावर पाटी ठोकतात. कोणी केली, कधी केली, नंबर काय. उद्या बिघडली तर विचारायचे कुणाला? आणि चांगली चालली तर शाबासकी द्यायची कुणाला?” मग ते झोपायला गेले.

त्याच मुक्कामात काकांनी आम्हांला मोठा तलाव दाखवला आणि १७३७ ची हकिगत सांगितली. डिसेंबर महिन्यात निजामुल्मुल्क मोठा तोफखाना घेऊन भोपाळला आला आणि शहराच्या आडोशाने, एका बाजूला पाणी घेऊन, मोर्चे बांधून बसला. थोरल्या बाजीरावांनी त्या मोर्च्यांवर डोके आपटले नाही. त्यांनी रसद तोडली. दक्षिणेतून कुमक येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा तापीच्या बाजूला दबा धरून राहिले. आत धान्य संपत गेले आणि निजामाला तहाला यावे लागले. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दोराहा सराई येथे त्याने माळवा, नर्मदा आणि चंबळ यांमधला मुलूख आणि पन्नास लाख रुपये खर्चापोटी देण्याचे कबूल केले. आमच्या टँकच्या खेळात भिंती होत्या, पाणी होते, झाडी होती, पण रसद नव्हती. गोळे कधी संपत नसत आणि रणगाड्याला डिझेल लागत नसे. खऱ्या वेढ्याचा निकाल बहुतेक वेळा कोठारात लागतो, हे तो खेळ शिकवत नव्हता.

पण आज या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो त्या वेगळ्या कारणासाठी. १७३७ ची ती मोहीम आपण इतकी बारकाईने सांगू शकतो, कारण पत्रे उरली. बाजीरावांनी चिमाजी अप्पांना छावणीतून लिहिलेला मजकूर आज वाचता येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या हजारो रुमालांतून निवड करून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. आपल्या पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात तर १५९५ ची. दियोगो द कोउतो हे त्याचे पहिले रखवालदार, आणि विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच कागदांतून पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच्या एका वेढ्यात कोण कुठे उभा होता हे आपल्याला ठाऊक आहे. आणि तीस वर्षांपूर्वी लाखो घरांत जो खेळ चालला, तो कोणी केला या काकांच्या साध्या प्रश्नाला घरातल्या एकालाही उत्तर देता आले नाही.

उत्तर होते, पण ते चिपच्या आत होते. मूळ बॅटल सिटीच्या प्रोग्रॅममध्ये, खेळताना कधीच दिसणार नाहीत अशा जागी, तीन नावे लिहून ठेवलेली आहेत : र्योइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो आणि जुंको ओझावा. ओझावाबाई संगीतकार. ती सुरुवातीची धून त्यांची. याशिवाय आणखी एक दडवलेला मजकूर आहे. रणांगण रचण्याच्या पडद्यावर बटणांची एक लांबलचक, कुणाला सहज सुचणार नाही अशी मालिका केली तर तो दिसतो. हा प्रोग्रॅम ‘ओपन रीच’ या टोपणनावाच्या माणसाने लिहिला आणि त्याचे नोरिको हिच्यावर प्रेम आहे, असा त्याचा आशय.

त्या काळी कंपन्या खेळ करणाऱ्यांची नावे पडद्यावर येऊ देत नसत. दुसरी कंपनी आपली माणसे पळवील ही भीती होती. अमेरिकेत अटारीच्या वॉरन रॉबिनेटने याच कारणासाठी ‘ॲडव्हेंचर’ या १९८० सालच्या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. देवळाच्या पाथरवटाने गाभाऱ्यामागच्या दगडावर आपली खूण कोरावी, तसा हा प्रकार. आता आपल्या कायद्याकडे पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत घेतला गेला. म्हणजे भारतीय कायद्याच्या नजरेतही ओकुबो आणि त्यांचे सोबती हे लेखक ठरतात. मी कला शाखेचा पदवीधर. बारा वर्षांचा असताना उन्हाळाभर मी एक साहित्यकृती वाचत होतो आणि तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते, असेच म्हणायला हवे.

मग नक्कल करणाऱ्यांना चोर म्हणून मोकळे व्हावे का? कायद्याने ते होतेच. पण गोव्याच्या मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे, कारण आपल्या सर्वांत जुन्या छापील मराठी ग्रंथांपैकी एकाची हकिगत अशीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला. त्या लिपिकारांनी कुणाची परवानगी घेतली होती? ज्ञानेश्वरीचेही तसेच. नकलांवर नकला होत पाठ बिघडले होते म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, नाथांनी ती शुद्ध केली. नक्कल ग्रंथ बिघडवते आणि नक्कलच ग्रंथ जगवते.

टँकच्या खेळाचे हेच झाले. नकलाकारांनी नामकोचे नाव पुसले, ‘टँक १९९०’ वर ‘यानशान सॉफ्टवेअर’ असे दुसरेच नाव घातले आणि आपल्या पदरची भरही टाकली. पाण्यावरून रणगाडा नेणारी नाव आपण खेळलो ती या नकलेतली. जपानी मुलाला मूळ खेळात ती कधी मिळाली नाही. तरी हेही खरे की, नक्कल झाली नसती तर हबीबगंजच्या त्या खोलीत आणि आमच्या वाड्यावर तो खेळ पोचलाच नसता. नकलेने वस्तू वाचवली, नाव घालवले. वस्तू वाचली आहे तोवर नाव परत लावता येते. ते काम करायचे कुणी, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न वाटतो त्यापेक्षा निकडीचा आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष. ही गोष्ट रीतसर विकल्या गेलेल्या खेळांची. आपल्याकडच्या बिननावाच्या कॅसेटींचे काय? पुस्तक छापले तर १९५४ च्या कायद्यान्वये त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या एशियाटिकसारख्या आणखी तीन ग्रंथालयांत जमा करावी लागते. त्यामुळे एखादे चार आण्यांचे चोपडेही कुठेतरी जपलेले सापडते. कॅसेटीला असा कुठलाच रुमाल नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि भोपाळच्या दहा नंबरात एकाच प्रकारच्या कॅसेटी कोण पुरवत होते, त्यांवरची चित्रे कोण काढत होते, ही माणसे आज साठीच्या घरात असतील. त्यांनी सांगितले तरच कळेल, आणि विचारले तरच ती सांगतील.

सरकारी कचेरीत नोंदवह्या सांभाळण्याचे काम मी वीस वर्षे करतो आहे. त्या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. नोंदीतले नाव बदलले तर जुने नाव खरवडून काढायचे नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. वर नवे नाव लिहायचे, बाजूला आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालायची आणि सही करायची. मावशीच्या घराजवळचे ते हबीबगंज स्थानक नव्या इमारतीसह १५ नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती स्थानक झाले. भोपाळच्या गोंड राणीचे ते नाव. गोवा एक्स्प्रेसने उत्तरेला जाताना आता ती पाटी दिसते. पण माझ्याकडे मावशीची जुनी पत्रे आहेत आणि त्यांवर हबीबगंज आहे. उद्या ती पत्रे कुणी वाचली तर दोन्ही नावे एकाच जागेची आहेत हे त्याला कळायला हवे. नोंदवहीची ती आडवी रेघ त्यासाठीच असते. पणजीला नोव्हा गोवा म्हणून पाहिलेल्या आपल्या पूर्वजांच्या वंशजांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा वाचकांकडे एक मागणे आहे. माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, जुन्या शिलाई मशीनच्या खणात अशी पिवळी किंवा काळी कॅसेट सापडली तर ती भंगारवाल्याला देऊ नका. यंत्र चालत नसले तरी हरकत नाही. एक कागद घ्या आणि त्यावर लिहा : कॅसेट कुठून आली, कुणी आणली, कोणत्या साली, किती पैशांना, घरात कोण कोण खेळत असे. त्याखाली खेळाचे खरे नाव लिहा, बॅटल सिटी, नामको, १९८५. आणि शेवटी ती तीन नावे लिहा : ओकुबो, ह्योदो, ओझावा. कागद घडी करून कॅसेटीबरोबर ठेवा. दहा ओळींचे काम आहे.